बॅगेत डहाळी नको, गाठी द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पाडवा झाला की आठवडाभरात मराठी दैनिकांत परदेशातल्या मंडळांचे फोटो येतात. नऊवारी, फेटे, ढोल, भाड्याने घेतलेला शाळेचा हॉल. फोटो छान असतात, पण ते बहुधा पाडव्यानंतरच्या शनिवारचे असतात. खुद्द पाडव्याला त्याच माणसांच्या घरी काय चालतं, ते छापून येत नाही. २०२६ चा पाडवा १९ मार्चला, गुरुवारी. २०२७ चा ७ एप्रिलला, बुधवारी. इकडे परदेशात दोन्ही सरळ कामाचे दिवस. सकाळी डबा भरायचा, मुलांना शाळेत सोडायचं, आणि त्यातच गुढी. मंडळाच्या हॉलमध्ये सगळं असतं, फक्त आई-वडील, काकू, आजी नसतात, आणि हुरहूर लागते ती नेमकी त्यांची. हे पत्र त्या घरातल्या पाडव्याबद्दल आहे, आणि ज्यांची मुलं परदेशात आहेत अशा भारतातल्या वाचकांसाठी मुख्यतः आहे. कारण माघ-फाल्गुनात कुणी निघालं की त्याच्या बॅगेत काय काय कोंबलं जातं, ते विमानतळावरच्या कचरापेटीला ठाऊक.

सुरुवात बॅगेपासूनच करू. कडुलिंबाची डहाळी आणि आंब्याची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून देऊ नका. युरोपीय संघाने १४ डिसेंबर २०१९ पासून बाहेरून आणलेल्या जवळजवळ सगळ्या ताज्या वनस्पतिजन्य वस्तूंना रोगमुक्ततेचा दाखला सक्तीचा केला आहे. सूट आहे ती फक्त पाच फळांना: अननस, नारळ, ड्युरियन, केळं आणि खजूर. म्हणजे कलशावरचा नारळ चालतो, त्याच्याभोवतीची पानं चालत नाहीत. दुधाचे पदार्थही युरोपात नेता येत नाहीत, त्यामुळे खवा, पेढे, घरचं तूप, चक्का हे सगळं बाद. अमेरिकेत कढीपत्त्यावर विशेष नजर असते, कारण लिंबू-संत्र्याच्या बागा संपवणारा रोग पसरवणारी कीड त्यावर येते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड तर या बाबतीत सर्वांत कडक. न्यूझीलंडमध्ये अशी वस्तू उतरताना भरायच्या अर्जावर लिहिली नाही आणि सापडली, तर जागेवर ४०० डॉलर दंड होतो. यातली मेख अशी की लिहिली तर दंड होत नाही, वस्तू फार तर काढून घेतात. शंका असेल ते सगळं लिहावं, हा नियम बॅग भरणाऱ्यानेही जाणाऱ्याला बजावून ठेवावा. मुलाला माहीतच नसतं की आईने शेवटच्या क्षणी चपलांच्या पिशवीत काय सरकवलंय.

द्यायचीच तर साखरेची गाठी द्या. ती निव्वळ साखर असते, नियमांच्या फारशी आड येत नाही, महिनोन्‌महिने टिकते. फक्त सुटी देऊ नका. पिशवीतले निनावी पांढरे तुकडे तपासनीसाला गोड वाटत नाहीत. नाव आणि घटक छापलेलं पाकीट घ्या. गाठी फुटते ती दोऱ्याजवळ, पदक जिथे सर्वांत पातळ असतं तिथे. म्हणून ती गोल गुंडाळून न ठेवता, पत्र्याच्या चपट्या डब्यात सरळ पसरून वर-खाली कागदाचे बोळे भरा. चिकट होते ती दमटपणाने, तेव्हा औषधाच्या बाटलीत येते तशी ओलावा शोषणारी पुडी आत टाका. सोबत एक खण आणि तळहातावर मावेल असा छोटा तांब्या. एवढ्यात गुढीचं निम्मं सामान झालं, वजन किलोच्या आतच.

आता कडुलिंब. यावर थोडं जास्त लिहायला हवं, कारण चूक झाली तर ती पोटात जाते. कडुलिंबाला कडाक्याची थंडी सोसत नाही, त्यामुळे युरोपात आणि उत्तर अमेरिकेच्या बहुतांश भागात तो उघड्यावर जगत नाही. आखाती देशांत मात्र तो रस्त्याच्या कडेला लावलेला सर्रास दिसतो, आणि ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत तर सरकारने त्याला तण म्हणून घोषित केलंय. ज्या डहाळीसाठी मेलबर्नची माणसं हळहळतात, ती डार्विनची माणसं उपटून टाकतात.

धोका आहे तो बकाण्याचा, म्हणजे महानिंबाचा. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत आणि ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागात हे झाड खूप आहे. लांबून थेट कडुलिंब वाटतो, घराण्याने त्याचा चुलतभाऊच, पण विषारी आहे. फळं सर्वांत जास्त, पण पानंही पोटात जाऊ देऊ नयेत. ओळखायचं असं: एक पान देठापासून पूर्ण तोडा आणि हातावर पसरा. कडुलिंबात मधला एकच दांडा असतो आणि पर्णिका त्याच्या दोन्ही बाजूंना थेट लागलेल्या असतात. त्या विळ्यासारख्या जरा वाकलेल्या, कडेने करवती, बुडाशी एक बाजू दुसरीपेक्षा रुंद. बकाण्यात मधल्या दांड्याला आडव्या फांद्या फुटतात आणि पर्णिका त्या फांद्यांवर असतात. पान म्हणजे जणू छोटी डहाळीच. फुलं दिसत असतील तर प्रश्नच मिटतो: कडुलिंबाचा मोहर पांढरा, बकाण्याचा फिकट जांभळा. पिवळी गोल फळं हिवाळाभर झुबक्यांनी लटकत राहिली असतील तर तो बकाणाच. पान तपासल्याशिवाय कुणीतरी 'आमच्या कॉलनीत आहे की कडुलिंब' म्हणून आणून दिलेलं मुलांच्या तोंडात घालू नये.

भारतीय किराणा दुकानात कधी गोठवलेली पानं मिळतात, कधी सुकवलेली, कधी पूड. गोठवलेलं पान बाहेर काढलं की दहा मिनिटांत काळं पडून लोंबतं. त्यामुळे ते गुढीला बांधायच्या कामाचं नाही, पण प्रसादाला उत्तम, फक्त वितळू न देता तसंच मिक्सरमध्ये वाटायचं. गुढीला सुकी डहाळी बरी दिसते. चार माणसांच्या प्रसादाला आठ-दहा कोवळी पानं, एक मोठा चमचा भिजवलेली हरभरा डाळ, सुपारीएवढी चिंच, त्याच्या दुप्पट गूळ, अर्धा चमचा जिरं, चार मिरे, चिमूटभर हिंग, चिमूटभर ओवा आणि सैंधव. पूड वापरत असाल तर पाव चमचाच, आणि ती आधी गूळ-चिंचेच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवा; नाहीतर दाताखाली माती आल्यासारखं लागतं आणि मुलं पुढची दहा वर्षं प्रसादाला हात लावत नाहीत. बागकामासाठी विकतात ती पूड किंवा तेल खाण्यात आणू नये. कडुलिंबाच्या तेलाने तान्ह्या मुलांना विषबाधा झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. काहीच मिळालं नाही तर रात्रभर भिजवलेले मेथीदाणे घ्या. कढीपत्ता घेऊन 'हाही निंबच' अशी समजूत घालण्यापेक्षा ते बरं, कारण वर्षाचा पहिला घास कडू हवा, हिरवा नव्हे.

गुढी उभी करताना जे बिघडतं ते बहुधा काठीमुळे. बागेत वेल चढवायला मिळणाऱ्या बांबूच्या काठ्या करंगळीएवढ्या जाड असतात. खण, तांब्या, हार, गाठी मिळून टोकाला अर्धा किलो सहज होतो, आणि गुढी खिडकीबाहेर तिरकी झुकवली की तेवढ्या वजनाने काठी धनुष्यासारखी वाकते. दोन ते अडीच सेंटीमीटर जाडीची, पाच-सहा फुटांची काठी हवी. न मिळाल्यास तीन बारीक काठ्या एकत्र घेऊन दर फुटावर सुतळीने आवळा. बांबू गुळगुळीत असतो, दोरा त्यावरून घसरतो आणि दुपारपर्यंत खण गुडघ्यावर येतो. म्हणून टोकापासून चार बोटं खाली कापडी चिकटपट्टीचा एक वेढा द्या आणि दोरा त्याच्यावर बांधा. अख्खी साडी नेसवायचा मोह आवरा. साडेपाच मीटरच्या निऱ्यांचा गठ्ठा मुठीत मावत नाही, त्यावर तांब्या बसत नाही. मीटरभर खण पुरतो.

क्रम असा: आधी खणाच्या निऱ्या, मग कडुलिंब, आंब्याची पानं असली तर ती, हार, गाठी, आणि शेवटी तांब्या उपडा. पानं धुतली असतील तर पुसून कोरडी करा. गाठीचा दोरा लांब ठेवा, म्हणजे ती खणावर मोकळी लोंबेल. ओल्या पानांखाली दबली तर चार तासांत खणावर पाकाचे ओघळ येतात आणि रेशमावरचा तो डाग सहजी जात नाही. तांब्याचं तोंड काठीपेक्षा बरंच रुंद असतं, तो डुगडुगतो. काठीच्या टोकाला जुन्या सुती फडक्याची घट्ट गुंडाळी करा, तांब्या त्यावर दाबून बसला पाहिजे. बसला की काठी आडवी धरून हलवून बघा. रस्त्यावर पडून कुणाच्या गाडीची काच फुटण्यापेक्षा घरातल्या गालिच्यावर पडलेला बरा.

बाल्कनीबद्दल इतकंच की भाडेकरारात बाहेर काही टांगायला मनाई आहे का ते आधी वाचा, अनेक ठिकाणी असते. वरच्या मजल्यावर मार्चचा वारा खणाला शिडासारखा फुगवतो. खिडकीच्या आत, काचेला लागून उभी केलेली गुढी रस्त्यावरून तितकीच दिसते. बुडाला बादली, बादलीत दहा किलोची तांदळाची बंद पिशवी, तिच्या आणि बादलीच्या मध्ये काठी खोचून कापडाने पाचर मारा. तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवायला मोकळे. वसतिगृहात किंवा मोठ्या इमारतीत निरांजन-उदबत्तीने धुराची घंटा वाजते आणि सगळी इमारत खाली उतरते. तिथे विजेवरचा दिवा लावावा, त्यात काही कमीपणा नाही.

गाठी पोचलीच नाही तर घरी होते. दोनशे ग्रॅम साखर, सत्तर-ऐंशी मि.ली. पाणी. साखर विरघळेपर्यंतच ढवळा, नंतर हात लावू नका. स्वयंपाकाचा तापमापक असेल तर ११८ ते १२० अंश. नसेल तर पाण्यात टाकलेल्या थेंबाची घट्ट गोळी झाली पाहिजे. गॅसवरून उतरवून दोन मिनिटं थांबा, मग लाकडी चमच्याने घोटा. कडेला पांढरट, दुधाळ झाक आली की लगेच साच्यात. मफिनचा छोट्या वाट्यांचा सिलिकॉन ट्रे चालतो. दोरा आधीच प्रत्येक वाटीत तळापर्यंत दाबून ठेवा आणि दोन वाट्यांच्या मध्ये तीन-चार सेंटीमीटर ढील सोडा, नाहीतर ओतताना दोरा वर येतो आणि पदकं सुटतात. सवयीने त्यात लिंबू पिळू नका. लिंबाने साखर पुन्हा दाणेदार व्हायला अडते. ते गुलाबजामच्या पाकाला ठीक, गाठीला घातक. ती दिवसभर चिकटच राहते. घोटताना पातेल्यातच आळली तर दोन चमचे गरम पाणी घालून पुन्हा पाक करा, काही बिघडत नाही.

श्रीखंड परदेशात सोपं आहे, फक्त दही साधं आणि पूर्ण सायीचं घ्या. कमी चरबीच्या दह्यात बऱ्याचदा स्टार्च किंवा जिलेटिन घातलेलं असतं. ते पाणी धरून ठेवतं, रात्रभर टांगूनही चक्का होत नाही. एक किलो साध्या दह्याचा सुमारे अर्धा किलो चक्का निघतो, त्याला साडेतीनशे ग्रॅम साखर. जर्मनीत-नेदरलँड्समध्ये मिळणारा क्वार्क, म्हणजे घट्ट दह्यासारखं ताजं चीज, तासभर टांगला की झालं. तयार पिठीसाखर वापरू नका, तिच्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून मक्याचं पीठ असतं आणि श्रीखंड कच्चट लागतं. साधी साखर मिसळून तासभर ठेवा, मग गाळा. पुरणाचं मात्र एक: सुपरमार्केटात पिवळी डाळ म्हणून मिळते ती बहुतेकदा वाटाण्याची असते. हरभरा डाळ समजून तिचं पुरण केलं तर ते कधीच आटत नाही, पोळी फुटते, आणि दोष कणकेला जातो.

हे सगळं जमलं तरी घरच्यांबरोबरचा पाडवा होतोच असं नाही, कारण घड्याळ. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी, भारतात कधीच नाही. २०२५ चा पाडवा ३० मार्चला होता आणि युरोपातली घड्याळं नेमकी त्याच पहाटे सरकली. ब्रिटनशी असलेलं साडेपाच तासांचं अंतर साडेचार झालं आणि ठरवलेले फोन चुकले. तारखेचाही घोळ आहेच. पाडवा सूर्योदयाच्या प्रतिपदेला, आणि सूर्योदय ज्याचा त्याचा. त्याच वर्षी शिकागोत २९ मार्चला सूर्य उगवला तेव्हा प्रतिपदा लागलेली होती, आणि ३० चा सूर्योदय व्हायच्या आत, मध्यरात्री सव्वादोनच्या सुमारास ती संपलीही. म्हणजे तिथला पाडवा एक दिवस आधी. भिंतीवरची पुण्या-मुंबईची दिनदर्शिका बघणाऱ्याने द्वितीयेला गुढी उभारली. काही घरं मुद्दाम भारतातलीच तारीख पाळतात, त्यातही गैर काही नाही. फक्त ते ठरवून केलेलं असावं, गफलतीने नव्हे.

एक सोय मात्र निसर्गाने करून ठेवली आहे. पाडवा विषुवदिनाच्या आसपास येतो, तेव्हा जगभर दिवस साधारण बारा तासांचा असतो. दिवाळीत उत्तर युरोपात दुपारी चारला अंधार पडतो तसली अडचण इथे नाही. त्यामुळे वेळा जुळवता येतात. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेआठ म्हणजे घरी संध्याकाळचे सहा: तिकडे गुढी उतरवायची वेळ, तेव्हाच इकडे उभी करायची. लंडनमध्ये, घड्याळं सरकण्याआधी पाडवा आला तर, सकाळी साडेसहाला घरी दुपारचे बारा, म्हणजे नैवेद्य आणि पानं वाढायची घाई. त्या वेळी फोन करू नये, कुणाचाच हात मोकळा नसतो. उलट लंडनच्या साडेबाराला, जेवणाच्या सुट्टीत, घरी गुढी उतरत असते. कॅलिफोर्नियात आदल्या संध्याकाळी साडेसहाला घरी दुसऱ्या दिवशी सकाळचे सात. ऑफिसातून आल्या आल्या घरची गुढी उभी राहताना बघता येते. सिडनीत, पाडवा मार्चात आला तर, दुपारी साडेबारा वाजता तीच. आणि तिथली एक गंमत: दक्षिण गोलार्धात पाडवा शरदात येतो. बाहेर पानं पिवळी पडत असतात आणि घरात चैत्रपालवीचं कौतुक चाललेलं असतं.

फोन कसा करायचा, हेही सांगावंसं वाटतं. सणाच्या दिवशीचा फोन हातोहात फिरतो. प्रत्येकाला दोन मिनिटं, 'जेवलात का', 'थंडी आहे का', 'गुढी दाखव बरं', की संपला. त्यापेक्षा आदल्या दिवशी, पुरण शिजत असताना फोन लावून फळीवर टेकवून ठेवा, दोन्हीकडे. मिसळणाच्या डब्याशेजारी, हाताच्या उंचीवर, चार्जरला लावून. बोलायची सक्ती नको. पातेल्यातला आवाज ऐकून आई सांगते की आता ढवळ, खाली लागतंय. हे सणाच्या शुभेच्छांत येत नाही. पंचांगातलं संवत्सरफळ वाचायचं काम आजोबांकडेच ठेवा. तिकडून त्यांनी वाचावं, इकडे मुलांनी ऐकावं. पराभव नावाचं संवत्सर, शके १९४८, हे ऐकून मुलं एक तरी प्रश्न विचारतातच.

ज्यांना पाडव्याला काहीच जमत नाही त्यांनी चैत्रगौरीकडे बघावं. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत कुठल्याही दिवशी हळदीकुंकू करता येतं, म्हणजे चार शनिवार-रविवार हाताशी असतात. डाळीला कैरी नसेल तर आंबट हिरवं सफरचंद किसून वर लिंबू पिळा. कैरी नव्हे, पण डाळ फसत नाही.

संपादक महाराज, आपल्याकडे एक मागणं. पाडव्याच्या पुरवणीत राशिभविष्याला पानभर जागा असते. त्यातली एक चौकट काढून दुबई, लंडन, न्यूयॉर्क, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को, सिंगापूर आणि सिडनी या शहरांतला त्या दिवशीचा सूर्योदय, सूर्यास्त आणि प्रतिपदेची वेळ स्थानिक घड्याळाप्रमाणे छापावी, शेजारी त्याच क्षणी भारतात किती वाजलेले असतील तेही. पुरवणी पाडव्याच्या सकाळी न येता आठवडाभर आधी आली तर आणखी बरं. म्हणजे कुणीतरी ती चौकट कापून, फोटो काढून, मुलाला पाठवून विचारेल की तुझ्याकडे साडेआठ म्हणजे आमच्याकडे सहा ना, मग मी गुढी तेव्हाच उतरवते.

आपले नम्र,
परदेशस्थ मराठी वाचक